हाताला न लागणारी गाठ: थायमोमाच्या रुग्णाची शारीरिक तपासणी



थायमोमा ही थायमस ग्रंथीची गाठ. थायमस असते छातीत. मधल्या सपाट हाडाच्या, म्हणजे उरोस्थीच्या मागे आणि हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या यांच्या पुढे. लहानपणी ती चांगली भरलेली असते, वयात येईपर्यंत वाढते आणि मग आक्रसत जाते. म्हातारपणी तिच्या जागी बहुतांशी चरबी उरते. या ग्रंथीचे काम काय, हे वैद्यकाला फार उशिरा कळले. १९६१ मध्ये जाक मिलर यांनी लंडनमध्ये नवजात उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्ले रोगजंतूंना तोंड देऊ शकली नाहीत आणि दुसऱ्या उंदराच्या त्वचेचे कलमही त्यांच्या शरीराने झिडकारले नाही. टी लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी थायमसमध्ये तयार होतात आणि आपले कोण, परके कोण याची पारख त्यांना तिथेच लागते, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. थायमोमाची निम्मी गोष्ट या एका वाक्यात आहे. पारख लावणाऱ्या जागीच गाठ झाली की पारख बिघडते, आणि शरीर स्वतःवरच उलटते.

गाठ तशी विरळ. दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण, एवढेच तिचे प्रमाण. बहुतेक रुग्ण चाळिशी ते साठीच्या दरम्यानचे. स्त्रिया आणि पुरुष जवळपास सारखेच. वाढ बहुधा संथ. मग इतक्या विरळ आजाराच्या तपासणीवर एक अख्खे व्याख्यान कशासाठी? कारण शारीरिक तपासणीची ताकद किती आणि मर्यादा कुठे, हे दाखवणारा याच्याइतका चांगला आजार सापडणे कठीण.

डॉक्टरच्या हाती तपासणीचे चार मार्ग असतात: पाहणे, चाचपणे, बोटांनी ठोकून आवाज ऐकणे आणि स्टेथोस्कोप लावून ऐकणे. त्यातला तिसरा मार्ग व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. चौथा पॅरिसच्या लॅनेक यांनी १८१६ मध्ये खुला केला. थायमोमा या चारही मार्गांना चकवतो. तो हाडामागे असतो, म्हणून दिसत नाही. हात तिथवर पोहोचत नाही. उरोस्थीवर ठोकल्यावर बद्द आवाजाची जागा रुंदावलेली वाटते, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे. पण गाठ चांगली मोठी झाल्याशिवाय ते कळत नाही, आणि कळले तरी त्यावर विसंबता येत नाही. गाठीला स्वतःचा आवाजही नसतो.

म्हणजे ही गाठ तपासता येत नाही. तपासायचे असतात ते तिचे परिणाम. ते तीन गटांत पडतात. पहिल्या गटात तपासणीत काहीच सापडत नाही. दुसऱ्यात गाठीने शेजारच्या अवयवांवर केलेली दाटी सापडते. तिसऱ्यात गाठीपासून दूर, डोळ्यांत, आवाजात, मानेत, रक्तात झालेला बिघाड सापडतो. ढोबळमानाने प्रत्येक गटात एक तृतीयांश रुग्ण असतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात.

पहिला मुद्दा, काहीच न सापडण्याचा.

रुग्ण धडधाकट असतो. नोकरीपूर्व तपासणीसाठी, विम्यासाठी किंवा दुसऱ्याच एखाद्या शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे निघतो आणि हृदयाच्या वरच्या अंगाला एक जादा सावली दिसते. आता हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी सीटी स्कॅन होऊ लागले आहेत. त्यांतही अशा गाठी अवचित सापडतात. मग डॉक्टर रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात आणि कागदावर लिहितात: सर्व काही ठीक.

हे ‘सर्व काही ठीक’ म्हणजे काय? गाठ नाही, असे म्हणजे मुळीच नव्हे. गाठीने अजून शेजार दाबलेला नाही आणि दूरचा बिघाड अजून उघड झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा निष्कर्ष निरुपयोगीही नाही. उरोस्थीमागे वाढणाऱ्या गाठी अनेक प्रकारच्या: थायमोमा, लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, जननपेशींच्या गाठी, छातीत उतरलेली थायरॉइड. यांतली कोणती, याचा अंदाज बांधताना शरीरात काय नाही याला काय आहे याइतकेच वजन असते.

म्हणून सावली दिसली की तपासणी सुरू होते ती छातीबाहेर. मान, काख आणि जांघ येथे रबरासारख्या वाढलेल्या गाठी हाताला लागल्या, त्यात ताप, रात्री दरदरून घाम आणि वजनात घट असली, तर संशय लिम्फोमाकडे वळतो. थायमोमा लसिकाग्रंथींत सहसा पसरत नाही. गळपट्टीच्या हाडावर टणक गाठ लागली तर थायमसच्या खऱ्या कर्करोगाचा किंवा आणखी कशाचा विचार करावा लागतो. गळ्यावर हात ठेवून रुग्णाला घोट गिळायला सांगितल्यावर गाठ वर सरकली, तर थायरॉइड. आणि तरुण पुरुषाच्या छातीत अशी गाठ दिसली, तर वृषणांची तपासणी टाळून चालत नाही. संकोचापोटी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते ती हीच पायरी. छातीतली जननपेशींची गाठ हा वेगळा आजार आहे; त्याच्या रक्तचाचण्या वेगळ्या, उपचार वेगळे. दोन मिनिटांच्या संकोचापायी उपचाराची दिशा चुकू शकते.

दुसरा मुद्दा दाटीचा.

उरोस्थीमागची जागा अरुंद. तिथून डोके, मान आणि हातांचे रक्त हृदयाकडे आणणारी वरची महाशीर जाते. श्वासनलिका जाते. श्वासपटल हलवणारे दोन फ्रेनिक मज्जातंतू जातात. आवाजाचा डावा मज्जातंतू मानेतून छातीत उतरतो, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि पुन्हा स्वरयंत्राकडे चढतो. जवळच हृदयावरण, दोन्ही बाजूंना फुप्फुसावरण. गाठ वाढते तेव्हा यांपैकी कोणाला दाबते किंवा कोणात शिरते, त्यावर खुणा ठरतात.

महाशीर दाबली गेली तर? रुग्ण सांगतो की सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असतो, शर्टाची कॉलर घट्ट होते, वाकले की डोके जड होते. तपासताना चेहरा आणि मान फुगीर दिसतात, रंग तांबूस-निळसर होतो, डोळे लालसर असतात. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे त्या उडत नाहीत. हृदयाच्या अशक्तपणातही मानेच्या शिरा फुगतात, पण तेव्हा त्यांत स्पंदन दिसते. महाशीर बंद झाल्यावर हृदयाची लय तिथवर पोहोचतच नाही. छातीच्या कातडीखाली निळ्या शिरांचे जाळे उमटते. पाटाचे पाणी अडले की ते बांधाच्या कडेने वाट काढते, तसे हे रक्त कातडीखालच्या शिरांतून खाली, पोटाच्या दिशेने वाट काढते. ती दिशा पाहता येते. फुगलेल्या शिरेवर दोन बोटे शेजारी शेजारी ठेवायची, ती विरुद्ध दिशांना सरकवून मधला भाग रिकामा करायचा आणि एकेक बोट उचलायचे. वरचे बोट उचलताच शीर झटकन भरली, तर रक्त वरून खाली वाहते आहे.

दाब थोडा असेल तर रुग्ण स्वस्थ बसलेला असताना यातले काही दिसणार नाही. तेव्हा त्याला दोन्ही हात डोक्याच्या बाजूंनी सरळ वर करायला सांगतात आणि मिनिटभर तसेच थांबवतात. चेहरा लाल-निळा होऊ लागला, मानेच्या शिरा फुगल्या, श्वास अडला, तर छातीच्या वरच्या दारात अडथळा आहे. १९४६ मध्ये पेंबर्टन यांनी ही खूण छातीत उतरलेल्या गलगंडासाठी सांगितली. थायमोमाच्या दाटीलाही ती लागू पडते. अर्थात महाशीर दाबली जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण थायमोमा नव्हे. फुप्फुसाचा कर्करोग आणि लिम्फोमा ही कारणे त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

श्वासनलिका दाबली गेली तर श्वास घेताना शीळ घातल्यासारखा कर्कश आवाज येतो, आडवे झाल्यावर तो वाढतो. गळ्याच्या खळगीत बोट ठेवले तर नलिका एका बाजूला सरकलेली लागू शकते. असा रुग्ण उताणा झोपू शकत नसेल, तर त्याला तपासणीच्या टेबलावर आडवे करण्याचा आग्रह धरू नये. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट आधी सांगावी लागते. आवाजाचा मज्जातंतू दाटीत सापडला तर आवाज घोगरा होतो आणि खोकल्यातला ठणठणीतपणा जातो.

फ्रेनिक मज्जातंतू निकामी झाला तर त्या बाजूचे श्वासपटल वर चढून बसते. तळाशी श्वासाचा आवाज मंद, ठोकल्यावर बद्द. दीर्घ श्वास घेतल्यावर बद्द आवाजाची सीमा खाली सरकायला हवी. ती जागची हलत नाही. रुग्ण बसलेला असताना हे सहज निसटते. त्याला आडवे करून पोटावर तळहात ठेवला आणि झटक्याने नाकाने श्वास ओढायला सांगितला, तर पोट वर येण्याऐवजी आत जाते. हे दृश्य दोन्ही बाजूंची श्वासपटले दुबळी असताना विशेष ठसठशीत दिसते.

हृदयावरणात पाणी साचले तर हृदयाचे ठोके दुरून आल्यासारखे मंद ऐकू येतात, मानेच्या शिरा फुगतात, रक्तदाब उतरतो. श्वास आत घेताना वरचा रक्तदाब दहा मिलिमीटरपेक्षा जास्त घसरला, तर हृदय दाबले जात आहे असे समजायचे आणि पुढचे काम तातडीने करायचे. फुप्फुसावरणात पाणी किंवा गाठीचे लहान गोळे असतील तर तळाशी ठोकल्यावर दगडावर ठोकल्यासारखा ठस्स आवाज येतो. थायमोमा दूरवर रक्तातून पसरण्यापेक्षा फुप्फुसावरणावर असा ठिपक्याठिपक्यांनी पसरतो. १९८१ मध्ये अकिरा मासाओका यांनी पाडलेल्या टप्प्यांत हा प्रसार चौथ्या टप्प्यात मोडतो. पहिल्या टप्प्यात गाठ कवचात बंद असते, दुसऱ्यात कवच भेदते, तिसऱ्यात शेजारच्या अवयवात शिरते. थोडक्यात, दाटीच्या खुणा हाताला लागल्या म्हणजे गाठ बरीच पुढे गेली असण्याची शक्यता धरून चालावे.

आता तिसरा मुद्दा. या आजारात तपासणीचे खरे मोल कळते ते इथे.

थायमोमाच्या साधारण ३० ते ४५ टक्के रुग्णांना मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे पापण्यांपासून श्वासापर्यंतचे स्नायू वापराने थकण्याचा विकार, असतो. उलट बाजूने पाहिले तर मायस्थेनियाच्या १० ते १५ टक्के रुग्णांच्या छातीत थायमोमा निघतो. म्हणून मायस्थेनियाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा छातीचा स्कॅन होतो, आणि थायमोमाच्या प्रत्येक रुग्णात मायस्थेनिया शोधावाच लागतो. त्याने तक्रार केली नसली तरी. का? कारण लक्षात न आलेला मायस्थेनिया शस्त्रक्रियेनंतर श्वास बंद पाडू शकतो.

या विकारात शरीराची प्रतिपिंडे स्नायूवर मज्जातंतूचा निरोप स्वीकारणाऱ्या जागांवर हल्ला करतात. पहिले काही निरोप पोहोचतात, मग पोहोचेनासे होतात. स्नायू आधी काम करतो आणि वापरता वापरता थकतो. विश्रांती मिळाली की पुन्हा उभा राहतो. १६७२ मध्ये इंग्लंडचे थॉमस विलिस यांनी अशाच एका स्त्रीचे वर्णन केले. ती बोलायला लागे तेव्हा नीट बोले, आणि बराच वेळ बोलल्यावर तिची वाचाच बंद पडे. आजाराचे आजचे नाव १८९५ मध्ये फ्रीडरिश योली यांनी दिले. १९०१ मध्ये कार्ल वायगर्ट यांनी अशा रुग्णाच्या छातीतली थायमसची गाठ नोंदवली. १९३६ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड ब्लालॉक यांनी मायस्थेनिया असलेल्या एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली. ती बरी झाल्याचे १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि डोळ्यांच्या पापण्या व छातीतली ग्रंथी यांचा संबंध शल्यचिकित्सकांच्या मनात पक्का बसला.

वापराने थकणे हा आजाराचा स्वभाव असेल, तर तपासणीचा स्वभावही तोच हवा. झटपट तपासणीत हा आजार दिसत नाही. स्नायूची ताकद एकदा अजमावून ‘ताकद पूर्ण’ असे लिहिले तर ते खरे असते, आणि तरीही चुकीचे असते. इथे स्नायूला थकवावे लागते. मुद्दाम थकवावे लागते. घड्याळ लावून थकवावे लागते.

सुरुवात डोळ्यांपासून. रुग्ण खोलीत येतो तेव्हाच काही दिसते: हनुवटी जराशी वर, कपाळावर आठ्या, भुवया ताणलेल्या. पडणाऱ्या पापण्यांखालून पाहण्यासाठी कपाळाचे स्नायू राबत असतात. डॉक्टर त्याला खुर्चीत बसवतात, अंगठ्याने भुवई हलकेच दाबून धरतात, म्हणजे कपाळाची मदत मिळत नाही, आणि प्लास्टिकच्या पट्टीने पापणी आणि बाहुलीचा मध्य यांतले अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. मग पेन रुग्णाच्या डोळ्यांच्या वर धरतात. मान हलवायची नाही, फक्त नजर पेनाच्या टोकावर, एक मिनिट. पहिली पंधरा-वीस सेकंदे काही होत नाही. मग एका पापणीची कड थरथरते, सावकाश खाली येऊ लागते, रुग्ण ती वर खेचायचा प्रयत्न करतो, ती अर्धी चढते, पुन्हा उतरते. मिनिट संपताना एक डोळा जवळजवळ मिटलेला, दुसरा अर्धा. या एका मिनिटासाठी ना यंत्र लागते, ना वीज.

पुढे आणखी दोन खुणा. जास्त पडलेली पापणी बोटाने वर उचलली की आतापर्यंत बरी दिसणारी दुसरी पापणी पडते, कारण दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच जोर मिळतो आणि गरज कमी झाली की तो जोर दोन्हीकडे कमी होतो. दुसरी खूण १९६५ मध्ये डेव्हिड कोगन यांनी सांगितली. रुग्णाला काही सेकंद खाली पाहायला सांगून एकदम समोर पाहायला सांगितले, तर विश्रांती मिळालेली पापणी क्षणभर गरजेपेक्षा वर उडी घेते आणि मग खाली बसते.

डोळे हलवणारे स्नायूही थकतात. एका बाजूला मिनिटभर पाहात राहिल्यावर एकाच्या जागी दोन बोटे दिसू लागतात. कोणता स्नायू कमजोर, याचा कोणत्याही एका मज्जातंतूशी मेळ बसत नाही, आणि आजची कमजोरी उद्या दुसऱ्याच बाजूला सापडते. पण या सगळ्यात एक गोष्ट अढळ राहते: बाहुली. टॉर्चच्या प्रकाशात ती नेहमीसारखीच आकसते. पापणी पडली आणि बाहुलीही बिघडली, तर दुसरे कारण शोधायचे. बाहुली मोठी झाली असेल तर मेंदूच्या तिसऱ्या मज्जातंतूचा विचार. बारीक असेल, आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येत नसेल, तर हॉर्नरची लक्षणे. छातीतल्या गाठीने मज्जारज्जूशेजारची सहानुकंपी साखळी दाबल्यावर तीही क्वचित दिसतात. एकाच गाठीच्या दोन रुग्णांत पापणी दोन निरनिराळ्या कारणांनी पडू शकते. निवाडा बाहुली करते.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी इथे जाताजाता एक गोष्ट. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या पडू लागतात, गिळता येईनासे होते, आणि अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडत नाही. तिथे मायस्थेनियाची चर्चा करत बसायचे नसते. मण्यारीचा दंश गृहीत धरून रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यायचे असते. पापण्या तासाभरात पडल्या की महिन्याभरात, हा प्रश्न म्हणूनच पहिल्यांदा विचारायचा असतो.

डोळ्यांनंतर चेहरा. रुग्णाला डोळे गच्च मिटायला सांगतात. निरोगी माणसाच्या पापण्यांचे केस आत गडप होतात. इथे ते बाहेर दिसत राहतात, आणि थोड्या वेळाने पापण्यांत फट पडून डोळ्याचा पांढरा भाग डोकावतो. हसायला सांगितले तर ओठांचे कोपरे वर जात नाहीत, फक्त मधला ओठ उचलला जातो आणि हसणे गुरकावल्यासारखे दिसते. बोलताना किंवा जेवताना रुग्ण हनुवटीला हाताचा टेकू देतो, कारण चावून चावून जबडा लोंबू लागतो.

आवाजासाठी एक ते पन्नास आकडे मोठ्याने म्हणायला लावतात. सुरुवातीचे आकडे स्वच्छ. तिशीच्या आसपास हवा नाकातून निसटू लागते. ब चा म होऊ लागतो, द चा न. पन्नाशी गाठेपर्यंत आवाज पुरता गेंगाणा होतो. कोणत्या आकड्याला आवाज फिरला ते लिहून ठेवतात. पुढच्या भेटीत त्याच्याशी तुलना होते. मग पेलाभर पाणी प्यायला देतात. ठसका लागला किंवा पाणी नाकातून आले, तर त्या रुग्णाला तोंडाने औषध आणि अन्न देताना जपावे लागते.

मान आणि हातपाय यांनाही घड्याळ लावतात. उताणे झोपून डोके उचलून धरायचे: दोन मिनिटे जमायला हवे. हात खांद्याच्या रेषेत समोर ताणून धरायचा: चार मिनिटे. पाय उचलून धरायचा: शंभर सेकंद. मान पुढे वाकवणारे स्नायू बहुधा आधी हार मानतात, आणि त्यांची ताकद श्वासाच्या ताकदीबरोबर चालते. उशीवरून डोके उचलता न येणाऱ्या रुग्णाच्या श्वासाकडे लगेच लक्ष द्यावे. खांदे आणि मांड्या मनगटांपेक्षा जास्त दुबळ्या. मात्र गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय नेहमीसारखा उडतो आणि टाचणीचा स्पर्श सगळीकडे सारखा कळतो. संवेदना गेलेली असेल, तर हा आजार नव्हे किंवा एकटा हा आजार नव्हे.

आणि श्वास. एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगायचे. निरोगी प्रौढ माणूस पन्नाशीच्या आसपास जातो. रुग्ण विशीही गाठत नसेल, वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेत असेल, खोकला फुसका असेल, श्वास घेताना पोट आत जात असेल, तर त्याला घरी पाठवायचे नसते. बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायू ९८ टक्के दिसतो म्हणून निर्धास्त राहणे ही इथली सर्वांत महागात पडणारी समजूत. तो आकडा अगदी शेवटी घसरतो.

खाटेशेजारीच होणारी आणखी एक चाचणी सांगायला हवी. बर्फ हातमोज्यात भरून किंवा रुमालात गुंडाळून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे ठेवायचा. थंडाव्यात मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत अधिक चांगला पोहोचतो. पापणी दोन मिलिमीटर किंवा अधिक वर आली, तर मायस्थेनियाच्या बाजूने पुरावा मिळाला. निओस्टिग्मिनचे इंजेक्शन देऊन करायची चाचणीही आहे, पण ती अॅट्रोपिन हाताशी ठेवून, देखरेखीखालीच करतात. पुढचा निर्वाळा रक्तातली प्रतिपिंडे आणि विद्युत चाचणी देतात. थायमोमासोबतच्या मायस्थेनियात अॅसिटिलकोलिन ग्राहकांविरुद्धची, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या त्या जागांविरुद्धची, प्रतिपिंडे जवळजवळ नेहमीच सापडतात.

दूरच्या बिघाडांची यादी मायस्थेनियावर संपत नाही. बाकीचे प्रकार विरळ आहेत, म्हणून त्यांचा आढावा थोडक्यात.

काही रुग्णांत अस्थिमज्जा फक्त लाल पेशी बनवणे थांबवते. थायमोमाच्या सुमारे पाच टक्के रुग्णांत हे होते. डोळ्यांची खालची पापणी ओढली, जीभ आणि नखे पाहिली, तर सगळे पांढरेफटक. नाडी जलद, हृदयावर हलकी घरघर. पण कावीळ नाही, अंगावर रक्ताचे ठिपके नाहीत, प्लीहा हाताला लागत नाही, लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत. इतका फिकेपणा आणि त्याच्या जोडीला बाकी काहीच नाही, हीच त्याची ओळख.

काहींच्या रक्तातली संरक्षक प्रथिने, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, घटतात. १९५४ मध्ये रॉबर्ट गुड यांनी थायमोमाशी असलेला हा संबंध मांडला. गालाच्या हाडांवर दाबले की दुखणे, तोंडात बुरशीचा पांढरा थर, छातीत पुन्हा पुन्हा भरणारा कफ, चिवट जुलाब आणि त्यामुळे उतरलेले अंग, अशी त्याची चिन्हे. मधुमेह नाही, स्टेरॉइड चालू नाही, एचआयव्ही नाही, आणि तरीही प्रौढ माणसाच्या जिभेवर बुरशी दिसत असेल, तर छातीचा फोटो पाहावा.

काहींच्या पोटऱ्यांत कातडीखाली किडे वळवळावेत तशी स्नायूंची सततची हालचाल दिसते, स्नायू ताठरतात, घाम फार येतो. त्याला झोप पूर्ण उडणे आणि भ्रम यांची जोड मिळाली, तर मेंदूही गुंतला आहे. कातडी आणि तोंडाचे आतले अस्तर यांवरही खुणा उमटतात: तोंडात जाळीदार पांढऱ्या रेषा, बऱ्या न होणाऱ्या जखमा, गोल चट्ट्यांत केस जाणे. क्वचित हृदयाचा स्नायूच सुजतो. तेव्हा अनियमित नाडी आणि धाप हीच सूचना.

उरला शस्त्रक्रियेनंतरचा काळ. गाठ पूर्ण काढून टाकणे हा थायमोमाचा मुख्य उपचार. उरोस्थी मधोमध उघडून, किंवा बरगड्यांमधल्या लहान छिद्रांतून दुर्बीण वा रोबोटच्या साहाय्याने. गाठ निघाली म्हणून तपासणी संपत नाही. जखमेवर तळहात ठेवून रुग्णाला खोकायला सांगितल्यावर हाडाची खटखट जाणवली, तर हाड नीट सांधलेले नाही. आधी मायस्थेनिया नसलेल्या काही रुग्णांत तो गाठ काढल्यानंतर उपटतो, म्हणून पापण्यांचे ते एक मिनिट प्रत्येक भेटीत परत करायचे असते. गाठ परतते तेव्हा बहुधा फुप्फुसावरणावर परतते, आणि तीही उशिरा. कधी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून पाठीमागे, फुप्फुसाच्या तळाशी, दोन्ही बाजू ठोकून पाहिल्याखेरीज भेट पूर्ण होत नाही. स्कॅन ठरल्या वेळी होतातच. पण दोन स्कॅनच्या मधल्या महिन्यांत पहारा असतो तो हाताचा आणि कानाचा.

सारांश असा. थायमोमाचा रुग्ण तपासताना काहीच न सापडणे नेहमीचे, आणि त्याने गाठ नाकारली जात नाही. चेहरा, मान, छातीच्या शिरा, आवाज, श्वासपटल आणि हृदयावरण यांच्या खुणा दाटीच्या; त्या बहुधा पुढच्या टप्प्याच्या. पापण्या, डोळ्यांची हालचाल, चेहरा, आवाज, मान आणि श्वास यांच्या खुणा मायस्थेनियाच्या. त्या थकवल्याशिवाय दिसत नाहीत. फिकेपणा, वारंवार होणारे संसर्ग, स्नायूंची वळवळ आणि तोंडातल्या जखमा या विरळ बिघाडांच्या. निदान स्कॅन आणि ऊतींची तपासणी करतात. स्कॅन कोणाचा करायचा आणि भूल देण्याआधी कोणाला जपायचे, हे शारीरिक तपासणी ठरवते.

डॉक्टर मंडळींना विनंती एवढीच, की पापणीला पूर्ण एक मिनिट द्यावे आणि रुग्णाची तक्रार संध्याकाळची असेल तर त्याला संध्याकाळी तपासावे. इतर श्रोत्यांना विनंती अशी, की घरातल्या कोणाच्या पापण्या दिवस कलताना पडत असतील, बोलता बोलता आवाज गेंगाणा होत असेल, पाण्याचा ठसका वरचेवर लागत असेल, तर त्याला थकवा किंवा वय म्हणून सोडून देऊ नये. अशा रुग्णाला मज्जाविकारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि छातीचा जुना एक्स-रे घरात असेल तर तो सोबत न्यावा.